ओढा आटला की वाट उघडते

फाल्गुन सरत आला की बोट काठाला लागत नाही. बामणोलीहून तास-सव्वा तास कोयना धरणाच्या शिवसागरातून आलेली लाँच मध्येच गाळात नाक खुपसून थांबते आणि मेट इंदवलीपर्यंतचं उरलेलं अंतर भेगाळलेल्या चिखलावरून पायी तोडावं लागतं. डिसेंबरात वासोटा किल्ल्याला येणाऱ्यांना ही चाल ठाऊक नसते. त्यांना बोटीतून उतरलं की जंगल. आम्हाला आधी धरणाचा तळ.

मला तो तळ आवडतो. वाळून टणक झालेल्या गाळात गव्यांचे खूर उमटलेले असतात, मधूनच एखाद्या घराचं जोतं वर आलेलं असतं, कुणाच्या तरी परसातल्या आंब्याचा काळाकुळकुळीत खुंट असतो. माझ्या आईचं माहेर या पाण्याखाली कुठंतरी आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इथं पाणी अडलं. माझाही जन्म त्याच सुमाराचा. त्यामुळे आजोळ म्हणून मी पाहिलं ते पुनर्वसनातलं पत्र्याचं घर. त्याचं रडगाणं आई कधी गायली नाही. मात्र एक वाक्य ती वरचेवर बोलायची : "आमच्याकडं उन्हाळ्यात वाटेनं कोण जातंय? ओढ्यानं जायचं."

लहानपणी मला ते विनोदी वाटायचं. पुढे साताऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले, सुट्ट्यांत या जंगलात यायला लागले, तेव्हा कळलं की आई कोयनेच्या खोऱ्यातल्या वसंत ऋतूचा अख्खा नकाशाच एका वाक्यात सांगत होती. पावसाळ्यात इथला ओढा ही पार न होणारी भिंत. दिवाळीनंतर तो गुडघ्याएवढा होतो. शिवरात्रीपासून पुढे तो स्वतःच वाट होतो. झुडपं नाहीत, काटे नाहीत, सावली भरपूर आणि हरवण्याची भीती कमी, कारण ओढा कुठंतरी खाली नदीलाच जाणार.

नागेश्वराचे जुने यात्रेकरू असेच यायचे. वासोटा किल्ल्याच्या दक्षिणेला एका सुळक्याच्या पोटात महादेवाची गुहा आहे. शिवरात्रीला घाटावरची माणसं इकडून आणि कोकणातली चोरवण्याकडून चढून तिथं पोचतात. मी बहुतेक वर्षी शिवरात्र आणि पाडवा यांच्या मधला एखादा कामाचा वार निवडते, गर्दी नको म्हणून. सोबत कोयनाकाठच्या एका गावचे आबा असतात. ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, तरी मला "बाई" म्हणतात, कारण त्यांचा नातू माझ्या वर्गात होता.

मुलं दरवर्षी एक प्रश्न विचारायची. या भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे उभा माणूस तीनदा बुडेल इतका, तर मार्चमध्ये ओढा कोरडा कसा? उत्तर पायाखाली असतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसून सह्याद्री झाला. त्यातला घट्ट बसाल्ट पाणी पीतच नाही. चार महिन्यांचा पाऊस त्याच्या पाठीवरून सरळ निघून जातो. मधले काही थर मात्र सच्छिद्र, भेगाळलेले असतात. माथ्यावर कुठं कुठं जांभा आहे, तोही पाणी धरून ठेवतो. असा पाणी धरणारा थर वर आणि घट्ट थर खाली अशी जोडी जिथं डोंगराच्या उतारावर उघडी पडते, तिथं झरा फुटतो. म्हणून ओढ्यातल्या काही ठरावीक पायऱ्यांच्या तळाशी दरवर्षी पाणी सापडतं आणि त्यांच्या मधला शे-दोनशे पावलांचा पट्टा ठणठणीत कोरडा असतो. ओढा आटला म्हणजे संपला असं नाही. तो तुटक तुटक झालेला असतो.

हे तुकडे ओळखायला आबांना भूगोल लागत नाही. ते आधी थांबतात आणि वास घेतात. मला अजून तो वास सांगून ओळखता येत नाही; माझी साधनं पुस्तकी आहेत. खडकाच्या एकाच बाजूला शेवाळ ओलं असेल, उंबर वाकून उभा असेल, नेच्याची पानं अजून तजेलदार असतील, तर पन्नास पावलांत पाणी आहे असं मी धरते. फुलपाखरं तर पाटीच लावतात. ओलसर वाळूवर निळी-काळी पंधरा-वीस एका जागी बसून क्षार शोषत असतात; पाऊल पडलं की सगळी उठतात आणि पुन्हा तिथंच येतात. कधी त्यांत एखादं मोठं नीलवंत असतं, आपल्या राज्याचं फुलपाखरू. २०१५ साली तो मान त्याला मिळाला तेव्हा मी वर्गात पेढे वाटले होते. मुख्याध्यापकांना कारण पटलं नाही.

आणखी एक गंमत. एका पायरीखाली सकाळी नऊला करंगळीएवढी धार असते. परतताना दुपारी चारला पाहावं तर ती दोऱ्याएवढी झालेली. मधल्या वेळेत कुणी पाणी नेलेलं नसतं. काठावरच्या झाडांनी ते प्यालेलं असतं. ऊन चढलं की पानांतून वाफ सुटते, मुळं जमिनीतलं पाणी ओढतात आणि झऱ्याच्या वाट्याला उरेल तेवढं येतं. रात्री झाडं थांबतात आणि धार पुन्हा भरते. म्हणून बाटल्या भरायच्या तर सकाळी जाताना. परतीच्या भरवशावर राहू नये.

हे मी शहाणपणानं सांगते आहे खरी, पण शिकले फजितीतून. मार्च २०१६. आधीचे दोन पावसाळे कमी झाले होते, सगळा महाराष्ट्र होरपळत होता. मी चौदा जणांना घेऊन आले होते आणि सगळ्यांना ठासून सांगितलं होतं, "एकेक लिटर पुरे, वर कुंड आहे." त्या कुंडात मी वीस वर्षं पाणी पाहिलं होतं. वर पोचलो तर तळाशी वाळलेल्या पानांचा थर आणि त्यावर एक मेलेला खेकडा. चढ अजून अर्धा बाकी, एका मुलीचं डोकं दुखायला लागलेलं. आबांनी काही बोलून दाखवलं नाही, फक्त सगळ्यांच्या बाटल्या एका दगडावर मांडायला लावल्या, पाणी मोजलं आणि म्हणाले, "बाई, आज देव खालूनच पावला." आम्ही तिथूनच मागे फिरलो. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली. कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते आणि तेच पाणी पुढे मिरजेवरून जातं. त्या बातमीतली गाडी पाहताना मला ते कोरडं कुंड आठवायचं. तेव्हापासून माणशी तीन लिटर पाणी खालूनच न्यायचं, ही माझी अट आहे. ज्याला ते ओझं वाटतं त्यानं कासला जावं.

आता वाटेबद्दल. वनखात्याच्या चौकीवर नोंद होते, पिशवीतल्या प्लास्टिकची मोजदाद होते आणि पुढं ओढ्याकाठी छप्पर नसलेल्या देवळात मारुती आणि गणपती बसलेले भेटतात. तिथून किल्ल्याची वाट दाट रानात शिरते. हे रान वसंतातसुद्धा हिरवंगार असतं आणि नवखा माणूस इथंच फसतो. सदाहरित झाड पानं गाळत नाही असं आपल्याला वाटतं. ते गाळतं, फक्त सगळी एकदम गाळत नाही. नवी पालवी येताना जुनी पानं उतरवायचा काळ नेमका हाच. त्यामुळे मार्चमध्ये या वाटेवर घोट्यापर्यंत पाचोळा असतो, कोरडा आणि गुळगुळीत, आणि त्याच्याखाली सुपारीएवढे गोल खडे. पावसाळ्यातल्या निसरड्याला आपण घाबरून असतो म्हणून सांभाळून चालतो. या कोरड्या घसाऱ्यावर निर्धास्त पाऊल टाकतो आणि बसतो. चढताना विशेष जाणवत नाही. उतरताना टाच रोवून, पाऊल जरा आडवं टाकून चालावं. कारवीच्या वाळक्या काठ्या आधाराला दिसतात, पण त्या हातात मोडून येतात.

कोरड्या ओढ्यात चालणं म्हणजे मोठ्या धोंड्यांवरून एकावरून दुसऱ्यावर जाणं. इथं नियम उलटा : पांढुरका कोरडा दगड विश्वासाचा, काळा तुकतुकीत दगड दगाबाज. डोहाच्या कडेला वाळलेल्या शेवाळाची खपली असते. ती पायाखाली साबणासारखी सरकते. एकदा मान वर करून पाहावं. डोक्याच्याही वर, फांद्यांच्या बेचक्यांत, पुरानं आणून टाकलेला काडीकचरा अडकलेला असतो. जुलैत पाणी कुठवर होतं त्याची ती खूण. त्या उंचीखालून आपण टोपी घालून, चिक्की खात चाललेलो असतो.

फुलांचं काय? वसंताच्या नावानं आलेल्यांना पळस हवा असतो. तो इथं आत मिळत नाही. कासकडून येताना मोकळ्या उतारावर पळस, पांगारा, काटेसावर बघून घ्यावेत. ओढ्याकाठचा वसंत वेगळा आहे. इथं फुलते ती अंजनी. खोडापासून फांदीपर्यंत जांभळट निळी फुलं अशी चिकटलेली की झाडाला कुणी गुलाल नव्हे, नीळ फासली आहे असं वाटावं. कुसुमाच्या झाडाला फुलांची गरजच पडत नाही, त्याची पालवीच लालभडक. करवंदीला पांढऱ्या फुलांचा घोस आणि वास. जांभळाचा मोहोर. मधूनच वरून हातभर लांबीची, करकोचे पडलेली गारंबीची शेंग लोंबत असते. पहिल्यांदा पाहणारा हमखास दचकतो. आणि शीळकरी कस्तुर. तो हिवाळ्यात गप्प असल्यासारखा असतो, पण उन्हाळा लागला की ओढ्याच्या कपारीत बसून शाळा सुटलेल्या पोरासारखी रमतगमत, सूर चुकवत शीळ घालतो.

फुलांइतकंच एका शेंगेकडं लक्ष हवं. खाजकुइली. सोनेरी मखमलीची दिसते आणि नेमकी याच दिवसांत वाळते. हात लावायचीही गरज नाही. वाऱ्यावर कुसं उडतात आणि मानेवर बसतात. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि गळ्याला पंचा, एवढा इलाज आधीचा. लागलीच तर चोळू नये. आबा शेण लावायला सांगतात. मी पिशवीत चिकटपट्टीचं रीळ ठेवते, दाबून लावते आणि ओढून काढते. या एका बाबतीत त्यांनी माझं मानलं आहे. घरी गेल्यावर काखेत, कमरेला, गुडघ्यामागे गोचीड तपासणं हाही याच ऋतूचा कुळाचार.

खरी धास्ती आग्या माशांची. वसंतात कड्यांवर मोहोळं लागलेली असतात, सुपाएवढी, काळी. वासोट्याच्या माथ्यावरून बाबूकड्याचा घोड्याच्या नालेसारखा गोल तुटलेला कडा दिसतो आणि तिथं उभं राहून आरोळी मारायची, प्रतिध्वनी ऐकायचा, ही कुणी घालून दिलेली रीत आहे कोण जाणे. मार्चमध्ये ती मोडावी. धूर, अत्तर, मोठा आवाज यांनी माशा उठतात, आणि एक चावली की त्या वासावर बाकीच्या येतात. तसं झालंच तर हात न झाडता, तोंड-डोकं झाकून, दाट झाडीत शिरून लांब पळावं. डोहात उडी घेणारा फसतो, कारण माशा पाण्यावर वाट पाहत राहतात.

आणि विस्तव. चहाची हौस, विडी, काहीही नको. फेब्रुवारीपासून वनखात्याची माणसं जाळरेषा काढून ठेवतात, म्हणजे गवत-पाचोळा साफ करून आगीला ओलांडता येणार नाही असे पट्टे. एका काडीपुढं ते पट्टे अपुरे पडतात.

इतिहासाची एक आडवाट, कारण ती ऋतूचीच आहे. १८१८ साली इंग्रजांची फौज या किल्ल्यापुढं आली ती मार्चअखेर. शेजारच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या आणि एप्रिलच्या सुरुवातीला किल्ला पडला. आत मॉरिसन आणि हंटर हे दोन इंग्रज अधिकारी कैदेत होते, आणि साताऱ्याच्या महाराजांच्या घरची माणसंही. पुस्तकं तोफांबद्दल लिहितात. मला प्रश्न पडतो तो असा की त्या तोफा या रानातून जुलैत आणल्या असत्या तर? व्याघ्रगड हे या किल्ल्याचं दुसरं नाव. त्याचा निम्मा बंदोबस्त हे ओढेच करत असणार.

किल्ल्याकडून नागेश्वराकडे जाणारी वाट कड्याच्या कडेनं फिरते. उजवीकडं खाली कोकण धुरकट दिसतं. गुहेत शिरलं की पहिली गोष्ट कानाला कळते : टप्. छतातून पिंडीवर थेंब पडत असतो. बाहेर रान तापलेलं, ओढा तुटलेला, आणि इथं खडक अजून गेल्या सालच्या पावसातलं पाणी मोजून मोजून देतो आहे. मी शास्त्र सांगितलं तसं, वर पाणी धरणारा थर, खाली घट्ट थर. आबा चप्पल काढून आत जातात आणि थेंबाखाली हात धरतात. दोन थेंबांमध्ये त्यांचे सात श्वास झाले तर ते म्हणतात, अजून महिनाभर खालचा पाणवठा टिकेल. पाच झाले तर खूश असतात. त्यांचा हा हिशेब मी कुठंही तपासलेला नाही आणि तपासणारही नाही.

तिथून परतीची वाट ओढ्यातून. कोणती वाट उघडी आहे हे सकाळी चौकीवर विचारून घ्यावं. हे व्याघ्र प्रकल्पाचं रान आहे, २०१० पासून. मुक्कामाला बंदी आहे आणि संध्याकाळच्या आत बाहेर पडायचं असतं. या नियमावर कुरकुर करणारे मला दरवर्षी भेटतात. त्यांना मी डोहाकाठची माती दाखवते. सांबर, भेकर, गवा, साळिंदर, कधी अस्वल, एकावर एक उमटलेले ठसे, बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर असतात तसे. पाच-सहा डोंगरांत मिळून पाणी उरलं आहे ते या चार-दोन डोहांत. वैशाखी पौर्णिमेला वनखातं पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राणी मोजतं ते याच हिशेबावर : उन्हाळ्यात येऊन येऊन येणार कुठं? आपण त्या डोहात पाय सोडून दुपारी तीन ते पाच बसलो, साबण लावला, गाणी लावली, तर पलीकडे करवंदीच्या जाळीत कुणीतरी तहानेलं उभं असतं आणि ते आपल्याला दिसत नाही. एकदा मला दिसलं. गवा होता, मादी, मागे तांबूस वासरू. पंधरा पावलांवर. आबांनी माझा दंड धरून मला मागे ओढलं, हळू, पाठ न दाखवता, आणि आम्ही काठ सोडून वर चढून एका आंब्यामागे थांबलो. ती आली नाही. वासरानं दोनदा पुढं पाऊल टाकलं, दोनदा तिनं त्याला थोपवलं. आमचा वास डोहावर राहिला होता. आम्ही निघून गेल्यावर ती प्यायली असेल, असं मी धरून चालते.

तेव्हापासून डोहाशी फक्त पाच मिनिटं. पाणी चहासारखं तांबूस दिसलं तरी घाण नसतं, तो पानांचा रंग. पण जनावरांचं तोंड लागलेलं असतं, म्हणून उकळल्या-गाळल्याशिवाय पिऊ नये.

एप्रिल कलला की आणखी एक जपावं लागतं, वळीव. दुपारी ढग फुगायला लागले, वारा एकदम पडला की आबा गप्पा बंद करतात आणि ओढ्यातून काठावर येतात. आपल्या डोक्यावर थेंब नसला तरी वरच्या कड्यावर पडलेलं पाणी या घट्ट दगडावरून किती वेळात येतं, ते त्यांनी पाहिलेलं आहे. मी फक्त ऐकलं आहे. आधी पानांचा लोंढा येतो म्हणे, सळसळत, कोरडाच. त्याच्या मागून पाणी.

यंदा तसं काही झालं नाही. साडेचारला आम्ही मारुतीपाशी उतरलो, चौकीवर प्लास्टिकच्या सात बाटल्या मोजून दाखवल्या आणि गाळावर आलो. सकाळी बोट जिथं थांबली होती तिथून पाणी आणखी दोन हात मागे सरकल्यासारखं वाटलं. आबा म्हणाले, "छे, बाई, दिवसात एवढं कुठं हटतंय! पाय दमलेत तुमचे." बोटवाल्यानं फळी टाकली. ती आखूड पडली, म्हणून त्यानं एका जुन्या जोत्याचा दगड उचलून मध्ये ठेवला. मी चप्पल हातात घेतली आणि त्या दगडावर पाय देऊन वर चढले.